समेच्या जरा आधी

गाणं कानांनी ऐकायचं असतं, मग त्याचा फोटो कशासाठी काढायचा? हे पुस्तक हातात घेणाऱ्या नवख्या फोटोग्राफरने हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा, असं मला मनापासून वाटतं. लेन्स कोणती घ्यावी, आयएसओ किती ठेवावा, बसावं कुठे, हे सगळे पुढचे प्रश्न त्या एका उत्तरावर अवलंबून आहेत.

माझं उत्तर मला वसंतराव देशपांड्यांपाशी सापडलं. १९२० साली मूर्तिजापूरला त्यांचा जन्म झाला, नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे ते गाणं शिकले आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये खाँसाहेब आफताब हुसेन होऊन रंगमंचावर आले. नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर नागपूरचेच, रंजन कला मंदिरचे. संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्या नाटकातली पदं आजही कुणालाही ऐकता येतात. पण तान घेताना मान कुठे वळली, हात कुठवर गेला, तबलजीकडे बघून हसू कधी फुटलं, हे ध्वनिमुद्रणात येत नाही. वसंतराव १९८३ साली गेले. त्यांना समोर बसून ऐकलेली माणसं आता बहुतेक साठीच्या पुढची आहेत. बाकी सगळ्यांना ते गाताना कसे दिसत होते, हे छायाचित्रांवरूनच कळणार. गाणं गळ्यातून निघत असलं तरी ते अख्ख्या देहाने गायलं जातं, आणि त्या देहाची नोंद ठेवण्याचं काम कॅमेऱ्याचं आहे.

हे एकदा मान्य केलं की फोटोकडून काय हवं ते स्पष्ट होतं. गायकाचा चेहरा ओळखू येणं पुरेसं नाही; तेवढं तर निमंत्रणपत्रिकेवरच्या फोटोतही दिसतं. फोटो बघणाऱ्याला ती व्यक्ती आत्ता गाते आहे हे कळलं पाहिजे. ती स्वर शोधते आहे की तो तिला सापडला आहे, हेही कळलं तर फारच उत्तम. आणि हे सगळं जिथे धड उजेड नसतो अशा जागी करायचं आहे.

नागपुरात अशा जागांना तोटा नाही. सिव्हिल लाइन्समधलं डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह आहे. वसंतरावांच्या नावाचा स्मृती संगीत समारोह दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र दरवर्षी भर पावसाळ्यात भरवतं, तेव्हा बाहेर पाऊस आणि आत मंचापुरता पिवळा उजेड असतो. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह त्यामानाने लहान आणि जवळचं. रेशीमबागेतलं कविवर्य सुरेश भट सभागृह २०१७ साली सुरू झालं. ते इतकं मोठं आहे की मागच्या रांगेतून पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने गायक चिमुकला दिसतो. हिवाळ्यात मैदानांवरचे महोत्सव असतात आणि तिथे रंगीत दिव्यांचा नुसता पूर येतो. धरमपेठ, सदर भागातल्या कॅफेंमध्ये गिटार घेऊन बसणारी मुलं असतात. तिथला उजेड म्हणजे भिंतीवरची पिवळ्या बल्बची माळ. १४ एप्रिलच्या आसपास आणि दसऱ्याला दीक्षाभूमीच्या निमित्ताने वस्त्यावस्त्यांत भीमगीतांचे मंच उभे राहतात. ताजबागेत उर्सात कव्वाली रंगते. आणि तुकडोजी महाराजांच्या या विदर्भात खंजिरी भजन तर कुठल्याही चौकात, एका ट्यूबलाइटखाली ऐकायला मिळतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे गेलात तर झाडीपट्टीची रात्रभर चालणारी नाटकं आहेत. त्यांतल्या वादकांवर कुणी वेगळं पुस्तक करावं.

या प्रत्येक जागेचा अंधार वेगळा असतो. नवखा माणूस ‘अंधार’ हा एकच शब्द धरून बसतो आणि कॅमेरा ऑटोवर ठेवून चालू लागतो. सभागृहातला अंधार खरं तर प्रेक्षकांवर असतो. मंचावर पुरेसा उजेड असतो. पण मागचा पडदा काळा, गायकाचा कुर्ता पांढरा, आणि चौकटीचा तीन चतुर्थांश भाग काळोखात. कॅमेरा त्या काळोखाला उजळायला जातो, मग चेहरा आणि कुर्ता चुन्यासारखे पांढरेफटक होतात. उपाय सोपा आहे. उजेड चेहऱ्यापुरता मोजायचा, म्हणजे स्पॉट मीटरिंग वापरायचं. किंवा एक्स्पोजर मुद्दाम एक-दीड स्टॉप खाली आणायचं. त्याहून चांगलं म्हणजे एकदा चेहऱ्यावर मोजून घेऊन मॅन्युअलवर स्थिर करायचं, कारण शास्त्रीय मैफलीत दिवे तासन् तास बदलत नाहीत. उलट दिशेने फसवणारी एक गोष्ट आपल्याकडे हमखास असते. गायकाच्या मागे आयोजकांच्या आणि प्रायोजकांच्या नावांचा पांढरा फ्लेक्स! त्याच्यावर उजेड पडला की कॅमेरा चेहरा काळा करतो. जागा बदलून, बाजूला सरकून, फ्लेक्सऐवजी विंगेचा काळोख मागे घेणं हाच त्यावरचा खरा इलाज.

लेन्सबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण पैसे इथेच वाया जातात. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ची लेन्स लांब टोकाला एफ/५.६पर्यंतच उघडते. ५० मिलिमीटरची साधी एफ/१.८ लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. त्याच मंचावर, त्याच आयएसओवर, जिथे पहिल्या लेन्सला १/१५ सेकंद लागेल, तिथे दुसरीला १/१२५ चालतं. आणि १/१५ला डोलणारी मान पुसट होते, १/१२५ला डोळे स्पष्ट येतात. बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी ही एक असते. तिची किंमतही मोजावी लागते, पण वेगळ्या अर्थाने: एफ/१.८वर फोकसची पट्टी अगदी अरुंद असते. गायकाचा डोळा धारदार आणि शेजारचा तानपुरा धूसर, असं होणारच. तेव्हा डोळ्यावर फोकस ठेवण्याचा सराव घरी संध्याकाळी दिवा मालवून करावा. आयएसओला घाबरू नये. फिल्मच्या जमान्यात ४०० वेगाची कृष्णधवल फिल्म १६००वर पुश करून लोकांनी मैफली टिपल्या आणि तिच्या दाण्यासकट ते फोटो आपल्याला आवडतात. आजचे साधे कॅमेरे ३२००, ६४००ला त्याहून स्वच्छ काम करतात. कॅफेतल्या बल्बच्या माळेखाली ६४००शिवाय गत्यंतरच नसतं. दाणेदार फोटो बघता येतो, हललेला चेहरा मात्र नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने धड सरळ होत नाही. फाइल रॉ ठेवा, म्हणजे पिवळा रंग घरी बसून निवांत आवरता येईल.

इथवरचं कुठल्याही चांगल्या पुस्तकात मिळेल. हे पुस्तक वेगळं का वाचावं, ते आता सांगतो.

संगीताच्या फोटोत बटण कधी दाबायचं, हे डोळ्याच्या आधी कानाला कळतं. विलंबित एकताल घ्या. मात्रा बारा, पण लय इतकी संथ की एका आवर्तनाला कधी मिनिटभर लागतं. त्या मिनिटात गायक काय करतो? आधी निवांत विस्तार, मग लयीशी हळूहळू जवळीक, शेवटच्या दोन मात्रांत मुखड्याची, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या ओळीची, चाहूल, आणि सम, म्हणजे नव्या आवर्तनाची पहिली मात्रा. समेवर हात खाली येतो, तबलजीशी नजरानजर होते, पुढच्या रांगांमधल्या माना एकदम डोलतात. ज्याला मुखडा ओळखता येतो, त्याला ही सम कधी येणार हे आधीच ठाऊक असतं. तो कॅमेरा डोळ्याला लावून शांतपणे वाट बघतो. ज्याला ते कळत नाही, तो मिनिटभर सटासट शटर मारत राहतो आणि नेमक्या समेला त्याचा कॅमेरा मेमरी कार्डवर फोटो लिहिण्यात गुंतलेला असतो. तिहाई तर उघड उघड आगाऊ सूचनाच आहे: एकच तुकडा तीनदा, आणि तिसऱ्याचा शेवट समेवर. पहिल्या वेळी चौकट ठरवावी, दुसऱ्या वेळी फोकस पक्का करावा, तिसऱ्या वेळी श्वास रोखावा.

माझं मत असं की सर्वांत चांगला फोटो बहुधा नेमका समेचा नसतो. समेच्या जरा आधी चेहऱ्यावर जो ताण असतो, आणि समेनंतर लगेच जी सुटका होते, जे हसू येतं, त्या दोन्हींत जास्त गाणं दिसतं. यावर कुणी माझ्याशी वाद घालावा, पण आधी अर्धी मैफल कॅमेरा मांडीवर ठेवून ऐकावी.

हात गोठवावा की नाही, हाही कानाचाच प्रश्न आहे. तबल्याच्या द्रुत बोलांत १/५०० ठेवलं तर प्रत्येक बोट कोरल्यासारखं येतं आणि वादन थांबल्यासारखं दिसतं. १/१०० ते १/१२५ला चेहरा स्थिर राहतो, बोटं पुसटतात, आणि लय फोटोत उतरते. मी दुसरी निवड करतो. कव्वालीत टाळ्या असतात. सगळ्या साथीदारांचे तळवे एकाच क्षणी भिडतात, आणि ते भिडण्याआधीचं अंतर पकडलं तर ठेका दिसतो. खंजिरीत हात वर उचलला जातो तो क्षण फार देखणा असतो, आणि तो ठेक्याबरोबर इतका नेमाने येतो की दोन कडवी नीट ऐकली की नवख्यालाही तो सापडतो. आलापीत मात्र घाई नको. तिथे गायकाचे डोळे मिटलेले असतात, हात हवेत काहीतरी शोधत असतो, आणि सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते. तिथे तुमच्या शटरचा खटका दहा रांगांपर्यंत जातो.

त्या खटक्यावर नव्या कॅमेऱ्यांनी उपाय दिला आहे: सायलेंट मोड. पण त्याला एक खोट आहे आणि आपल्या दिव्यांमुळे ती फार जाचते. बऱ्याच कॅमेऱ्यांत हा आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर चित्र एकदम न टिपता ओळीओळीने वाचतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-तीव्र होते. मंद केलेले स्वस्त एलईडी त्याहून कितीतरी वेगाने लुकलुकतात. डोळ्याला ते जाणवत नाही, पण ओळीओळीने वाचणाऱ्या कॅमेऱ्यात चेहऱ्यावर आडवे काळे पट्टे उमटतात. ट्यूबलाइटखाली १/१०० किंवा १/५०वर राहिलं की हे पट्टे बहुतेक जातात, कारण उजेडाची पूर्ण लाट आत येते. एलईडीसाठी कार्यक्रमाआधी दोन-चार फोटो काढून, मोठे करून तपासावेत. आलापीत सायलेंट आणि संथ शटर, द्रुत सुरू झाल्यावर साधा शटर, अशी वाटणी मला योग्य वाटते. द्रुतात तबल्याच्या आवाजात खटका बुडून जातो.

मैदानातल्या मंचावरचे लाल-निळे दिवे ही नवख्याची सर्वांत मोठी निराशा असते. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लाल रंग टिपणारे बिंदू एकूण बिंदूंचा चौथा हिस्सा असतात, निळे तेवढेच, आणि हिरवे निम्मे. शुद्ध लाल दिव्याखाली फक्त तो एक चौथा हिस्सा काम करतो, तोही भरून वाहतो, आणि गायिकेचा चेहरा नाक-डोळे नसलेला लाल गोळा होतो. एक्स्पोजर कमी करावं, किंवा फोटो कृष्णधवल करावा. पण खरं शहाणपण थांबण्यात आहे. दिवे सांभाळणारा माणूसही गाणंच ऐकत असतो. ध्रुवपदाला तो बहुधा तेच रंग पुन्हा लावतो. दोन कडव्यांत त्याची सवय कळते, आणि पिवळसर उजेड कधी येणार ते सांगता येतं. इथेही कानच उपयोगी पडतो.

ज्यांचे फोटो बघून आपण या वाटेला लागतो, त्यांनी काय केलं हे बघणं बोधप्रद आहे. हर्मन लेनर्ड यांचा १९४८चा जॅझवादक डेक्स्टर गॉर्डनचा फोटो जगभर माहीत आहे: हातात सॅक्सोफोन, तोंडातून वर चढणारा सिगारेटचा धूर, मागे गडद काळोख. नवखा तो बघून म्हणतो, क्लबातला उजेडच किती सुंदर होता! तो उजेड लेनर्ड यांनी स्वतः फ्लॅश लावून घडवला होता, आणि मोकळेपणाने तो लावता यावा म्हणून ते न्यूयॉर्कच्या क्लबांत तालमींना जात. जिम मार्शल यांचा मार्ग उलटा: फ्लॅश नाही, छोटा लायका, आणि कलावंतांशी इतका विश्वास की मंचामागे सगळी दारं उघडी. आपल्याकडे पुण्याच्या सतीश पाकणीकरांनी १९८०च्या दशकापासून सवाई गंधर्व महोत्सवात आणि बाहेर गायक-वादकांची जी छायाचित्रं काढली, ती बघताना हा माणूस गाणं जाणतो हे लगेच कळतं.

दयानिता सिंग यांची गोष्ट तर प्रत्येक नवख्याने ऐकावी. अहमदाबादला एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) शिकत असताना त्या झाकीर हुसेन यांच्या मैफलीचे फोटो काढायला गेल्या. तिथे त्यांना अडवण्यात आलं, धक्का बसला, त्या पडल्या. त्यानंतर झाकीर हुसेन यांनीच त्यांना जवळ येऊ दिलं. पुढची सहा वर्षं हिवाळ्याच्या हंगामात त्या झाकीरभाईंसोबत आणि इतर कलावंतांसोबत फिरल्या; बसमध्ये, घरी, तालमीला, मैफलीला. १९८६ साली त्यांचं पहिलं पुस्तक निघालं, त्याचं नाव ‘झाकीर हुसेन’. त्यात मंचावरचे फोटो आहेत, तसेच मंचाबाहेरचेही. रियाज म्हणजे काय हे आपण झाकीरभाईंकडून शिकलो, असं त्या पुढे सांगत राहिल्या. फोटोग्राफीचा रियाज तबल्याच्या रियाजासारखाच रोजचा असतो, हे त्यांना एका तबलावादकाने शिकवलं.

लेनर्ड आणि सिंग यांच्याकडून नागपूरच्या मुलामुलींनी एक गोष्ट सरळ उचलावी: दुपारच्या साउंड चेकला जा. आयोजकांना आधी विचारा, आपलं नाव सांगा, फोटो देईन म्हणून सांगा. तेव्हा सभागृह रिकामं असतं, दिवे पूर्ण उजळलेले असतात, तबलजी हातोडीने तबला सुरात लावत असतो, तानपुरे जुळवले जात असतात. शटरच्या आवाजाने कुणाचं काही बिघडत नाही. माइक कुठे येणार, तानपुऱ्याची दांडी गायकाच्या डोक्यामागून उगवल्यासारखी कुठून दिसते, हे तेव्हाच कळतं. माइक तोंडावर येतोच; समोरून काढलेल्या फोटोत गायकाला मुळी ओठच नसतात. थोडं तिरकं, बाजूच्या वाटेवर बसलं तर तो सुटतो. शिवाय गायक साथीदाराकडे दाद द्यायला वळतो तेव्हा चेहरा माइकमधून मोकळा होतो, आणि तो क्षण भावनेनेही भरलेला असतो.

आता वागण्याबद्दल, आणि यात मी कुणालाही सवलत देणार नाही. फ्लॅश बंद. फोकसला मदत करणारा तो छोटा नारिंगी दिवा बंद. तो थेट गायकाच्या डोळ्यांत जातो. बीप बंद. कॅमेऱ्याचा मागचा पडदा अगदी मंद, कारण काळोखात तुम्ही फोटो बघत बसलात की मागच्या चार रांगांना त्याचा उजेड लागतो. मोबाइलवरून काढणाऱ्यांनी नाइट मोडही बंद ठेवावा. तो बरेच फोटो जोडून एक करतो आणि हलणाऱ्या हाताची भुतं उमटवतो. पाश्चात्त्य मोठ्या मैफलींत फोटोग्राफरला बहुतेक पहिली तीनच गाणी मिळतात. आपल्याकडे असा नियम क्वचितच असतो, म्हणून तो स्वतःला लावून घ्यावा: एका जागी बसावं, उठायचं तर दोन रचनांच्या मधे, टाळ्यांच्या आवाजात. मंचासमोर उभं राहिलात की नागपूरकर रसिक फार वेळ गप्प बसत नाही. “ओ भाऊ, खाली बसा न जी, दिसून नाही राह्यलं,” हे ऐकू आलं की लगेच बसा. ती व्यक्ती गाणं ऐकायला आलेली आहे, आणि तिचा हक्क तुमच्या फोटोपेक्षा मोठा आहे. दर्ग्यात किंवा भजनात तर आणखी जपावं. तिथे लोक प्रार्थनेला बसलेले असतात, डोळ्यांत पाणी असतं, आणि त्या चेहऱ्याच्या अगदी जवळ लेन्स नेण्याचा अधिकार कुणी दिलेला नसतो. नंतर विचारावं, आणि नको म्हटलं तर तो फोटो पुसून टाकावा.

काढलेले फोटो कलावंतांना द्यावेत. मोठ्या गायकांकडे फोटोंचे ढीग असतात. पण मागे बसून तीन तास तानपुरा छेडणाऱ्या शिष्येचा, भजनी मंडळातल्या झांजवाल्या आजोबांचा गाताना-वाजवतानाचा एकही बरा फोटो घरात नसतो. छापून दिलेला एक फोटो तिथे भिंतीवर लागतो, आणि पुढच्या वेळी तुम्हाला सतरंजीवर पुढे बसायला जागा मिळते.

पुस्तकाची मांडणी याच विचाराने केलेली आहे. सुरुवात मोठ्या सभागृहापासून होत नाही. पहिलं प्रकरण वस्तीतल्या खंजिरी भजनाचं आहे: एक ट्यूबलाइट, स्थिर उजेड, ठळक ठेका, आणि ओळखीची माणसं, जी पुढच्या गुरुवारी पुन्हा तिथेच भेटतील. दुसरं दिवाळी पहाटेचं. बागेत गाणं काळोखात सुरू होतं आणि उजाडल्यावर संपतं. तासाभरात आयएसओ ६४००वरून ४००वर कसा आणायचा, हे तिथे आपसूक शिकून होतं. त्यानंतर कॅफे, मग मैदानातले रंगीत दिवे, आणि अगदी शेवटी देशपांडे सभागृहातली ख्यालाची मैफल. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी ऐकायच्या गोष्टी दिल्या आहेत आणि कॅमेऱ्याचे आकडे त्यांच्यानंतर येतात. तो क्रम वाचताना बदलू नये, एवढी माझी विनंती आहे.